मुलाखत घेणाऱ्यांनीही तयारी करून यावं

मुलाखतीला कसं जावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. इस्त्रीचे कपडे घाला, पंधरा मिनिटं आधी पोचा, मोबाइल बंद ठेवा, बसा म्हटल्यावरच बसा. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलपासून सदाशिव पेठेतल्या क्लासपर्यंत सगळीकडे हे शिकवतात, आणि ते शिकवायलाच हवं. पण टेबलाच्या पलीकडे जे दोघं-तिघं बसलेले असतात त्यांनी काय वाचून यावं, काय विचारावं, काय अजिबात विचारू नये, हे कुणी कुणाला शिकवताना फारसं दिसत नाही. मी बरीच वर्षं पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत भरतीच्या टेबलावर बसत आलो आहे आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीतल्या मुलामुलींची मुलाखतीची तयारीही करून घेतो. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. मुलाखत बिघडते ती बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूने, आणि किंमत मोजतो अलीकडचा.

उदगीर किंवा जिंतूरचा मुलगा चाकणला मुलाखतीला येतो म्हणजे काय करतो ते पाहा. रात्रीची गाडी पकडतो, पहाटे पुण्यात उतरतो, मित्राच्या खोलीवर अंघोळ करतो, शर्टाच्या घड्या मोडू नयेत म्हणून बॅग मांडीवर धरून पुन्हा बस किंवा शेअर रिक्षा पकडतो आणि साडेनऊला गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहितो. बोलावलेलं असतं दहाला. नंबर लागतो दीडला. आत गेल्यावर साहेब त्याचा बायोडेटा पहिल्यांदाच हातात घेतात आणि पानं उलटता उलटता म्हणतात, ‘हं, सांगा स्वतःबद्दल.’ या प्रश्नाचं उत्तर कसं द्यावं यावर हजारो व्हिडिओ आहेत. माझा अनुभव असा की अर्ध्याहून जास्त वेळा तो प्रश्न नसतोच. तोवर अर्ज वाचून होतो, एवढंच त्याचं काम. मुलगा घोकून आलेली चार वाक्यं म्हणतो, कुणी ऐकत नाही, मध्येच फोन वाजतो, आणि फोन ठेवल्यावर पुढचा प्रश्न येतो: ‘मूळचे कुठले? वडील काय करतात?’

या प्रश्नापाशी मी थांबतो, कारण तो निरुपद्रवी वाटतो आणि तसा नसतो. विचारणाऱ्याला वाटतं, मुलाला जरा मोकळं करावं. पण आपल्या समाजात गाव, आडनाव, वडिलांचा धंदा या तीन गोष्टी कळल्या की उरलेलं सगळं कळल्यासारखं होतं, आणि ते दोघांनाही माहीत असतं. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास केला होता. तो २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आला. हे अधिकारी एका दमात सांगत होते की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, आणि त्याच दमात सांगत होते की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्याच साप्ताहिकात त्याच वर्षी आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास आला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित वाटेल अशा नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. म्हणजे काही जण टेबलापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांना ‘घरी कोण कोण असतं’ विचारून आपण पुन्हा त्याच चाळणीत टाकतो.

मुलींच्या बाबतीत चाळणी आणखी बारीक. लग्न कधी करणार, झालं असेल तर मूल कधी, सासरच्यांची परवानगी आहे का, नवऱ्याची बदली झाली तर काय. भरतीत बाईमाणूस म्हणून भेदभाव करू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात लिहिलेलं होतं, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, फार चांगलं झालं, पण ईएसआय विमा योजनेत न येणाऱ्यांच्या त्या रजेचा पगार मालकानेच द्यायचा असल्यामुळे काही ठिकाणी हे प्रश्न जास्तच चिकाटीने विचारले जाऊ लागले. कंपनीला चिंता खरी असते ती एवढीच की माणूस शिफ्टला येईल का, टिकेल का. मग तेवढंच विचारा. ‘आमच्याकडे महिन्यातून एक आठवडा दुसरी पाळी असते, रात्री साडेअकराला सुटते, कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते. तुम्हाला जमेल का?’ हा प्रश्न कामाचा आहे, तो मुलालाही विचारता येतो आणि विचारायलाच हवा. त्यात तिच्या गर्भाशयाची चौकशी कुठेही येत नाही.

‘पण आम्हाला माणूस बघता क्षणी कळतो.’ हे वाक्य मी इतक्या भल्या, कष्टाळू, वीस-वीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसांकडून ऐकलं आहे की त्याला उडवून लावावंसं वाटत नाही. त्यांचा अनुभव खरा असतो. तो माणसाचं काम पाहून माणूस ओळखण्याचा अनुभव असतो. वीस मिनिटांच्या गप्पांवरून ओळखण्याचा नव्हे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये एक प्रकार घडला. मुलाखती घेऊन, क्रम लावून प्रवेश देऊन झाले आणि नंतर राज्याच्या विधिमंडळाने ५० जागा वाढवायला लावल्या. तोवर चांगले क्रमांक दुसरीकडे गेलेले. मग मुलाखतीत तळाशी टाकलेल्यांतूनच ५० जण घ्यावे लागले. पुढे शिक्षणात आणि दवाखान्यातल्या कामात वरचे आणि तळाचे यांच्यात फरक दिसला नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी तासन् तास खर्चून जो क्रम लावला होता, त्याला काही अर्थच नव्हता.

मग मुलाखत टाकूनच द्यायची का? नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये भरतीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं, आणि २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यातले आकडे पुन्हा तपासून बरेच खाली आणले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी निघाली. सगळ्यांना तेच प्रश्न, आधी ठरवलेले, कामाशी बांधलेले, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण, अशी आखीव मुलाखत घेतली तर माणूस पुढे काम कसं करेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. सॅकेट यांच्या मांडणीत तर ती सगळ्यांत वर आहे. गप्पांची मुलाखत मात्र कितीतरी मागे राहते. आपल्याकडे नव्वद टक्के कारखान्यांत आणि संस्थांत गप्पांचीच मुलाखत होते असं मी म्हटलं तर त्याला आकड्याचा आधार नाही, पण या क्षेत्रातला कुणी मला खोटं पाडेल असं वाटत नाही.

आपल्या न्यायालयांनी हे ओळखून चार दशकं उलटली. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब. मुलाखतीला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वाटा होता, आणि मुलांची तक्रार अशी की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि त्यात विचारलं काय, तर आई-वडील कोण, राहता कुठे. नोव्हेंबर १९८० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की इतके गुण मनमानी आहेत, तिथे १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित केल्या तर बरं. टेपरेकॉर्डर ही अपूर्वाई होती त्या काळात. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे आणि तरी ती सूचना जिथल्या तिथे आहे. १९८५ मध्ये हरियाणाच्या नागरी सेवा भरतीच्या प्रकरणात, अशोक कुमार यादव यांच्या, न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्के ही मर्यादा सांगितली. आपल्या राज्यसेवेत ९०० पैकी १०० गुण मुलाखतीचे होते. आता वर्णनात्मक पद्धत आल्यावर यूपीएससीसारखेच २०२५ पैकी २७५ झाले, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर.

यूपीएससीला बाकी काही म्हणा, मुलाखतीच्या बाबतीत तिच्याकडून घेण्यासारखं आहे. मंडळासमोर उमेदवाराचे लेखीचे गुण नसतात. त्याने भरलेला तपशीलवार अर्ज सदस्यांपुढे असतो. भारतीय भाषेत मुलाखत द्यायची सोय आहे. येण्याजाण्याचं रेल्वेचं साधं भाडं आयोग देतो. आणि आयोगाच्या अधिसूचनेतच स्पष्ट लिहिलेलं असतं की ही कडक उलटतपासणी नव्हे, हा नैसर्गिक पण दिशा असलेला, हेतू असलेला संवाद आहे. खालच्या पदांसाठी तर केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद केली, गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांसाठी. तो निर्णय मला योग्य वाटतो. लिपिकाच्या जागेसाठी पाच मिनिटांच्या मुलाखतीतून लायकी कळत नव्हती. वशिल्याला आणि पाकिटाला मात्र तेवढीच जागा पुरत होती.

खाजगीत हे करायला आयोग लागत नाही. एका मशीन शॉपमध्ये आम्ही सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे) ऑपरेटर घेत होतो. एक आयटीआय झालेला मुलगा केबिनमध्ये बसल्यावर नुसता घामाघूम. नाव सांगतानाही अडखळत होता. नेहमीच्या पद्धतीने तो तिथेच गळला असता. पण त्या वेळी आमचं ठरलेलं होतं की प्रत्येकाला शॉप फ्लोअरवर न्यायचंच. तिथे त्याच्या हातात एक तयार जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, त्याचं ड्रॉइंग आणि माप घ्यायचा मायक्रोमीटर दिला. त्याने आधी जॉब कॉटन वेस्टने पुसला, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘सर, बर येतोय. इन्सर्ट घासलाय.’ म्हणजे कडेला धातूची धार राहतेय, कापणाऱ्या हत्याराचं टोक झिजलंय. माप घेतलं, वीस मायक्रॉन वर होतं, आणि ऑफसेट, म्हणजे यंत्राला मापाची दुरुस्ती, किती द्यावा लागेल ते त्याने न विचारता सांगितलं. दहा मिनिटांत आम्हाला जे कळलं ते केबिनमध्ये दोन तास बसून कळलं नसतं. अकाउंटंट हवा असेल तर चार बिलं देऊन टॅलीत नोंद करायला सांगा. शिक्षक हवा असेल तर पाचवीच्या वर्गावर अर्धा तास पाठवा. फक्त एक पथ्य, चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेऊ नका. ‘आमच्या वेबसाइटचं डिझाइन करून आणा, मग बघू’ म्हणणारे आहेत, ती लबाडी आहे.

इंग्रजीचंही तसंच. सुपरवायझरला दिवसभर ऑपरेटरांशी मराठी-हिंदीत बोलायचं असेल तर त्याची मुलाखत इंग्रजीत घेऊन तुम्ही त्याचं काम तपासत नाही, शाळा कोणती होती ते तपासता. आणि परदेशी ग्राहकाला मेल लिहावे लागणार असतील तर तसं जाहिरातीत लिहा आणि मुलाखतीत एक मेल लिहून घ्या. तिथे मी सवलत मागणार नाही.

आता अलीकडच्या बाजूचं, कारण तिथली तयारी माफ आहे असं मला म्हणायचं नाही. बायोडेटातल्या प्रत्येक ओळीवर दोन प्रश्न येतील असं धरून बसा. ‘छंद: वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं काय वाचलं ते सांगता आलं पाहिजे. मी मेहनती आहे, टीममध्ये काम करतो, ही वाक्यं सगळेच म्हणतात, त्याऐवजी एखादा प्रसंग सांगा. अडचण काय होती, मी काय केलं, शेवटी काय झालं. कंपनी काय बनवते, कुणाला विकते, हे आधी बघून या. शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल वेबसाइटवर असतो. येत नसेल ते ‘मला हे माहीत नाही’ असं सरळ सांगा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका. आणि मुलाखतीसाठी, फॉर्मसाठी, ट्रेनिंगसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठून या, त्यात नोकरी नसते.

एका प्रश्नावर मात्र जास्त बोलायला हवं, कारण तो महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा आहे. पाच-सहा वर्षं पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास केला, पूर्व निघाली, मुख्यला तीन-चार गुणांनी गेलं, जाहिराती लांबल्या, वय अठ्ठावीस-एकोणतीस झालं, घरचे थकले. आता ही मुलं खाजगीत मुलाखतीला येतात आणि समोरून पहिला प्रश्न येतो, ‘हा गॅप कशामुळे?’ आवाजात असं काही असतं की मुलगा मान खाली घालतो. मग तो कुठून तरी अनुभवाचं खोटं पत्र आणतो. तसं करू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. यूएएन या पीएफच्या कायम खाते क्रमांकावर पीएफची नोंद दिसते, तुम्ही कुठे कधीपासून कधीपर्यंत होतात ते दोन मिनिटांत कळतं, आणि मग सहा वर्षांच्या खऱ्या कष्टांवर एका खोट्या कागदाचा डाग बसतो. सरळ सांगा. ‘मी या काळात राज्यसेवेची तयारी केली, अमुक वेळा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, आता ते थांबवलं आहे.’ आणि पुढचं वाक्य कामाचं असू द्या. राज्यघटना, अर्थव्यवस्था, राज्याचा भूगोल, कायदे यांचा एवढा अभ्यास असलेला माणूस कंपनीच्या कायदेशीर पूर्ततेच्या विभागात, बँकेच्या ग्रामीण कर्ज विभागात, सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, कामात उपयोगी पडतो. शासकीय आदेश वाचून त्याचा अर्थ लावता येणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आणि टेबलापलीकडच्यांना माझी विनंती आहे की त्या सहा वर्षांना रिकामी जागा म्हणू नका. रोज दहा-बारा तास अभ्यासिकेत बसून, मेसचं जेवण जेवून, निकालांमागून निकाल पचवून हा मुलगा तुमच्यासमोर नीट कपडे करून आला आहे. ‘तिकडे जमलं नाही म्हणून इकडे आलात का?’ हा प्रश्न विचारून तुम्हाला त्याच्याबद्दल काहीही कळत नाही. त्याला मात्र तुमच्या कंपनीबद्दल बरंच कळतं.

छोट्या उद्योजकाची अडचण मला ठाऊक आहे. त्याच्याकडे एचआर नसतो, तोच मालक, तोच विक्रेता, तोच बँकेत जाणारा, दोन डिस्पॅचच्या मधे तो मुलाखत घेतो. त्याच्याकडून मी मोठ्या कंपनीची प्रक्रिया मागत नाही. आदल्या रात्री एका कागदावर सहा प्रश्न लिहून ठेवायला पंधरा मिनिटं लागतात. अर्ज आधी वाचायला प्रत्येकी तीन मिनिटं. सगळ्यांना सकाळी दहाला न बोलावता अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने बोलावायला काहीच लागत नाही. दोघं बसणार असतील तर आपापले गुण आधी कागदावर लिहून मग बोलायचं, नाहीतर मालक ‘ठीक वाटला’ म्हणाले की दुसरा मान डोलावतो आणि दोघांचं मत घेतल्याचा नुसता देखावा राहतो.

शेवटी राहतो निरोप. ‘कळवतो आम्ही’ म्हणून उमेदवाराला उठवलं जातं आणि नंतर कुणीच कळवत नाही. हा शिष्टाचाराचा किरकोळ मुद्दा नाही. त्या मुलाकडे त्याच आठवड्यात दुसरीकडचं ऑफर लेटर असू शकतं, पगार दोन हजारांनी कमी आणि होकार द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत. तुमच्या ‘कळवतो’वर भरवसा ठेवून तो शुक्रवार जाऊ देतो. नकार असेल तर तो ठरल्या दिवशी ‘निवड झालेली नाही’ एवढ्या एका ओळीत, एसएमएसने का होईना, गेला पाहिजे. आणि ज्याने विचारलं त्याला कारणही सांगितलं पाहिजे, ड्रॉइंग वाचता आलं नाही किंवा आम्हाला टॅली येणारा हवा होता, असं. ज्या कंपनीला हे कारण लिहिता येत नाही, तिने त्या माणसाला नाकारलं कशावर, हे तिनेच आधी तपासावं.